एक मिलिमीटरचा खड्डा

वाशिमच्या कुठल्याही हार्डवेअरच्या काउंटरवर ‘इलेक्ट्रोड द्या’ म्हटलं, की समोरचा माणूस वेल्डिंगच्या कांड्यांचा पुडा काढून ठेवतो. ३.१५ची, सहा-शून्य-एक-तीन, किती पुडे? त्याची चूक नाही. फॅब्रिकेशनच्या धंद्यात हा शब्द कित्येक दशकं त्या लेप दिलेल्या कांडीलाच चिकटलेला आहे. ‘प्लाझ्माचा’ असं पुढे जोडलं, तर तो प्लास्टिकच्या डब्यात हात घालतो आणि बोटाच्या पेराएवढा तांब्याचा तुकडा काढून विचारतो, ‘टॉर्च कोणती? पी-८० का?’

दोन्ही इलेक्ट्रोडांच्या इतिहासात एक नाव सामाईक आहे. लेपाची कांडी शोधणाऱ्या ऑस्कर शेलबर्ग या स्वीडिश अभियंत्याने १९०४ मध्ये एसॅब ही कंपनी काढली. जर्मनीतल्या फिन्स्टरवाल्डे गावी १९२२ मध्ये उभी राहिलेली त्याच्या नावाची कंपनी पुढे प्लाझ्मा कटिंगमधलं मोठं घराणं झाली. बाकी या दोन वस्तूंत साम्य काही नाही. कांडी वितळून जोडात मिसळण्यासाठीच असते. प्लाझ्माच्या इलेक्ट्रोडने मात्र वितळायचं नसतं, जमेल तितका वेळ तग धरायचा असतो.

तग धरतो तो खरं तर तांब्याचा तुकडा नव्हे. त्याच्या टोकाला मधोमध दीड-दोन मिलिमीटर व्यासाचा एक राखाडी ठिपका असतो, नीट पाहिलं नाही तर डागच वाटावा असा. तो हाफ्नियम नावाच्या धातूचा. कापणारी सगळी ज्योत त्या ठिपक्यावर उभी असते, आणि तांब्याकडे त्याला धरून ठेवण्याचं व थंड ठेवण्याचं काम असतं. ‘इलेक्ट्रोड फार लागतात’ ही फॅब्रिकेशनवाल्यांची नेहमीची तक्रार, आणि त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे अजून स्वस्त इलेक्ट्रोड शोधणं. तक्रार खरी आहे. उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी शोधला जातो.

वाशिम हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला, सहा तालुक्यांचा जिल्हा. पीक सोयाबीनचं, जोडीला तूर. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचं नाव आलं, ते मोठ्या कारखानदारीमुळे अर्थातच नव्हे. इथलं लोखंडकाम शेतीच्या मागे मागे चालतं. ट्रॉलीची चासी, वखर, डवरे, पेरणीयंत्राची चौकट, मळणीयंत्राच्या बाजू, गोदामाचं शेड. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरायची म्हटली तर बीबीएफ यंत्र लागतं, आणि त्या यंत्राच्या चौकटीत यू-क्लॅम्पसाठी भोकं लागतात. कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून नागपूर ते शिर्डी सुरू झाला. जिथे रस्ता जातो तिथे शेड उभं राहतं, आणि शेडच्या प्रत्येक खांबाखाली एक बेस प्लेट असते.

ही प्लेट माइल्ड स्टीलची, दुकानाच्या भाषेत एमएसची. ती कापण्याचे रस्ते तीन. पहिला जुना गॅस कटर, म्हणजे ऑक्सिजन आणि एलपीजी किंवा ॲसिटिलीन. जाड प्लेटला त्याला तोड नाही, पण चार-पाच मिलिमीटरचा पत्रा तो वाकवून ठेवतो. दुसरा एअर प्लाझ्मा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारं, हातात टॉर्च धरून वापरायचं छोटं यंत्र. गावोगाव पोचलेलं प्लाझ्मा ते हेच. तिसरा ऑक्सिजन प्लाझ्मा, सीएनसी टेबलावर बसवलेला. अशी टेबलं हिंगणा, बुटीबोरी, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत दिसतात. तालुक्याच्या दुकानात क्वचितच.

एमएससाठी ऑक्सिजनच का, याचं उत्तर लोखंडातच आहे. प्लाझ्माची ज्योत वीस हजार अंशांच्या घरात असते. त्यात ऑक्सिजन असला की तो तापलेल्या लोखंडाशी संयोग पावतो आणि त्यातून आणखी उष्णता निघते. वितळलेला रस पातळ होतो, झटकन खाली वाहून जातो, कडेला चिकटलेला स्लॅग कमी राहतो. कट वेगाने होतो आणि कड सरळ येते.

हवेत जवळपास ७८ टक्के नायट्रोजन असतो. हवेने कापताना तो कडेच्या पातळ थरात शिरतो आणि तिथे नायट्राइड तयार होतं. कापलेल्या कडेवर लगेच वेल्डिंग मारलं तर जोडात बारीक छिद्रं पडतात. भोकात टॅप घालायला गेलं तर कड इतकी कडक, की टॅप तुटतो. ग्राइंडर फिरवून तो थर उडवला की प्रश्न मिटतो, पण ग्राइंडरची चकती आणि पोराचा वेळ खर्ची पडतो. ऑक्सिजनने कापलेल्या कडेला ही भानगड जवळपास नाही. म्हणूनच ज्या भागांना कापून सरळ वेल्डिंग करायचंय, त्यांच्यासाठी ऑक्सिजन प्लाझ्माला पसंती मिळते.

आता त्या ऑक्सिजनमध्ये जगायचं कुणी?

प्लाझ्मा कटिंगचा उगम अमेरिकेत, युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागात. रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड टंगस्टनचा होता, जो टिग वेल्डिंग करणाऱ्याला आजही ओळखीचा आहे. टंगस्टन ३,४२२ अंशांना वितळतो, सगळ्या धातूंत सर्वांत उशिरा. पण त्याचं हे मोठेपण आरगॉन, हायड्रोजन, नायट्रोजन यांच्याच सोबतीत. ऑक्सिजन लागला की टंगस्टनचं ऑक्साइड होतं, आणि ते १,४७३ अंशांना वितळून उडून जातं. ऑक्सिजन प्लाझ्मात टंगस्टन घातला तर मेणबत्तीसारखा सरतो.

हाफ्नियमचं उलट आहे. धातू म्हणून तो २,२३३ अंशांनाच वितळतो, टंगस्टनच्या मानाने कच्चाच. पण त्याचं ऑक्साइड २,७५० अंशांच्या पुढे टिकतं आणि तापल्यावर इलेक्ट्रॉन सहज सोडतं. शिवाय तापलेल्या ऑक्साइडचा वितळलेला थर त्या ठिपक्यावरच साचून राहतो. म्हणजे गंजणं हीच इथे त्याची ताकद. १९६०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी हवा आणि ऑक्सिजनसाठी झिर्कोनियम व हाफ्नियमचे असे ठिपके वापरून पाहिले, आणि टंगस्टनची सद्दी या कामापुरती संपली.

हाफ्नियम सापडलं १९२३ मध्ये कोपनहेगनला. डर्क कोस्टर आणि जॉर्ज डी हेवेशी यांनी ते शोधलं आणि शहराच्या जुन्या लॅटिन नावावरून, हाफ्निया, त्याचं बारसं केलं. पृथ्वीवर ते एकटं कुठेच भेटत नाही. झिर्कॉनच्या वाळूत झिर्कोनियमच्या पोटात एक-दोन टक्के दडलेलं असतं. हे दोघे रसायनाने जुळे भाऊ, वेगळे करणं महाकठीण. वेगळं करण्याची गरज पडली ती अणुभट्ट्यांमुळे. तारापूरच्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तिथल्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनियम न्यूट्रॉन जवळपास गिळतच नाही. हाफ्नियम मात्र त्याच्या शेकडो पट गिळतो, म्हणून नळीत तो नावालाही चालत नाही. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये ही जुळी भावंडं वेगळी केली जातात. अणुउद्योगाने असा बाजूला काढलेला धातूच जगभरात प्लाझ्माच्या इलेक्ट्रोडात आणि जेट इंजिनांच्या मिश्रधातूंत जातो. वर्षाला सगळ्या जगात मिळून शंभर टनही होत नाही. मागणी वाढली की पुरवठा त्या वेगाने वाढवता येत नाही, कारण कुणी हाफ्नियमसाठी म्हणून खाण खोदत नाही.

स्वस्त इलेक्ट्रोडचा प्रश्न इथूनच सुरू होतो. हाफ्नियम महाग, झिर्कोनियम त्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त आणि दिसायला तसंच. नुसत्या डोळ्याने पाहून ठिपका कशाचा ते कुणालाही सांगता येणार नाही. झिर्कोनियमही काही काळ चालतं, पण लवकर खचतं. लबाडी नेहमी धातूतच असते असंही नाही. हाफ्नियम उष्णता फार वाईट वाहून नेतो, तांब्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाइतकीच. म्हणून ठिपका बारीक ठेवतात आणि तांब्यात घट्ट ठोकून बसवतात. त्या दोन धातूंमध्ये केसाएवढी जरी फट राहिली, तरी उष्णता अडते आणि ठिपका वेळेआधी उकळतो. ठिपका मध्यापासून थोडा सरकलेला असला तर ज्योत तिरपी होते, कड एका बाजूला उतरती येते आणि नोझलचं भोक अंडाकृती होतं. डब्यातले दहा इलेक्ट्रोड दिसायला सारखे असतात. त्यातला एक दिवसभर चालतो आणि दुसरा दुपारच्या चहालाही पोचत नाही, त्याचं कारण बहुधा या फटीत असतं.

तरीही नकली माल हा सगळ्या गोष्टीचा अर्धाच भाग आहे, आणि तोही लहान अर्धा.

इलेक्ट्रोड किती तास चालतो, असं सगळे विचारतात. विचारायला हवं किती वेळा पेटतो. ज्योत स्थिर चालू असताना ठिपक्यावरचा वितळलेला थर आपल्या जागी राहतो, झीज हळू होते. खरा मार बसतो पेटताना आणि त्याहून जास्त विझताना. वीज तुटते, वायूचा झोत मात्र क्षणभर चालूच असतो, आणि तो वितळलेला थर थेंबाथेंबाने उडवून लावतो. उरलेला थर एकाएकी गार होऊन तडकतो आणि पुढच्या वेळी पेटताना निखळतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये हे हवेपेक्षाही जोरात घडतं. १९६८ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या हायपरथर्म कंपनीने यावर तोड काढली. कट संपताना करंट आणि वायूचा दाब दोन्ही ठरावीक उताराने खाली आणायचे, म्हणजे थर उडण्याआधी जागच्या जागी गोठतो. १९९१ मध्ये त्याचं पेटंट झालं आणि ऑक्सिजन प्लाझ्माच्या इलेक्ट्रोडचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. आज चांगल्या सीएनसी यंत्रांत ही सोय असतेच.

मात्र ही सोय उपयोगी पडते ती ज्योत प्लेटवर असताना विझली तरच. टॉर्च प्लेटच्या कडेबाहेर गेली, ज्योत ताणली आणि फटकन तुटली, तर उतार पूर्ण होत नाही. चालवणाऱ्याला कट तर पूर्ण झालेला दिसतो. इलेक्ट्रोडच्या हिशेबात ती दहा-बारा कटांची झीज असू शकते. महावितरणच्या फिडरवर मध्येच लाइन गेली तरी तेच. शेतीपंपांचा भार सुरू होऊन व्होल्टेज पडलं आणि यंत्र कट सोडून बंद झालं, की कामगार प्लेटच्या खराब झालेल्या कडेकडे बघून हळहळतो. खर्च टॉर्चच्या आतही झालेला असतो.

आता बेस प्लेटचा हिशेब. एका प्लेटला चार बोल्टांची चार भोकं आणि बाहेरची एक कड, म्हणजे पाच वेळा पेटणं आणि पाच वेळा विझणं. शंभर प्लेटी म्हणजे पाचशे. तेवढ्याच लांबीचा सरळ कट एका दमात केला असता तर इलेक्ट्रोड कदाचित अर्धाही खर्ची पडला नसता. म्हणून दर मीटरने दर ठरवणारा दुकानदार भोकांच्या कामात नेमका तोट्यात जातो. दुसऱ्यांचं काम कापून देणारे जॉब-शॉपवाले पियर्सिंगचे, म्हणजे दर वेळी ज्योत पेटवून प्लेट भेदण्याचे, पैसे वेगळे लावतात, त्यात लुबाडणूक नाही. हायपरथर्मने २०२१ मध्ये आणलेल्या पॉवरमॅक्स सिंक यंत्रात इलेक्ट्रोड, नोझल, सगळं एकाच काडतुसात बसवलेलं आहे आणि त्यातली चिप पेटण्यांची आणि तासांची नोंद ठेवते. वाशिमच्या दुकानात तेच काम भिंतीवरची कॅलेंडरची पाठ आणि खडू करू शकतात.

बदलायचा कधी, यावर एक आकडा पाठ असावा. ठिपक्याच्या जागी पडलेला खड्डा सुमारे एक मिलिमीटर खोल झाला की तांब्याच्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडची वेळ भरली. हवेवर चालणाऱ्या काही हातटॉर्चना १.६ मिलिमीटरपर्यंत मुभा असते, चांदी वापरलेल्या इलेक्ट्रोडांना आणखी थोडी, म्हणून आपल्या यंत्राची पुस्तिका एकदा उघडून पाहावी. मोजायला सुईचं डेप्थ गेज मिळतं. ‘कट येतोय तोवर चालवू’ हा विचार इथे महागात पडतो. खड्डा खोल गेला की ज्योतीला हाफ्नियम सापडत नाही, ती तांब्याला धरते. तांबं १,०८५ अंशांना वितळतं. मग इलेक्ट्रोड एका क्षणात फुटतो, नोझल घेऊन जातो, आणि नशीब वाईट असेल तर टॉर्चचं डोकंही. एका इलेक्ट्रोडचे पैसे वाचवायला गेलेला माणूस नवीन टॉर्चची चौकशी करायला निघतो.

तिसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात वाशिममध्ये पंचवीस अंशांच्या ओल्या दिवशी एका घनमीटर हवेत वीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. मध्यम आकाराचं एअर प्लाझ्मा यंत्र तासाला दहा घनमीटर हवा ओढतं. म्हणजे कॉम्प्रेसर तासाभरात मोठा पेलाभर पाणी आत घेतो. त्यातलं बरंचसं टाकीत साचतं, उरलेलं नळीतून टॉर्चपर्यंत पोचतं. ज्योतीत पाण्याचे रेणू फुटतात, ठिपका वेडावाकडा झिजतो, ज्योत फडफडते. जुना कॉम्प्रेसर तेल फेकत असेल तर काजळीही येते. उन्हाळ्यात बरा चालणारा इलेक्ट्रोड जुलैत निम्म्यात संपतो, तेव्हा दोष ब्रँडला दिला जातो. टाकीचा खालचा कॉक सकाळ-संध्याकाळ उघडण्याला पैसे पडत नाहीत. पाणी अडवणारा फिल्टर थोड्या पैशांत येतो. ड्रायर महाग, पण वर्षभरात वाया जाणाऱ्या इलेक्ट्रोड-नोझलच्या जोड्या मोजल्या तर तितकाही नाही.

पाण्याने गार होणाऱ्या मोठ्या टॉर्चमध्ये पाणी आतूनही मारतं. इलेक्ट्रोड मागून पोकळ असतो आणि त्यात कूलंट फिरतं. तिथे बोअरचं पाणी घालायचा मोह होतो. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड. चहाच्या पातेल्यात जमतो तसाच पांढरा थर त्या पोकळीत जमतो आणि तांब्याची उष्णता बाहेर निघेनाशी होते. शुद्ध पाणी आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट, याला पर्याय नाही.

ऑक्सिजनचा स्वतःचा हिशेब वेगळा. सात घनमीटरची एक टाकी सीएनसी टेबलावर काही तासांतच रिकामी होते. टाकी बाहेरून यायची, भाडं द्यायचं, रिकामी परत करायची. करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्र सरकारने २२ एप्रिल २०२१ पासून मोजके उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला, तो रुग्णालयांकडे वळवणं गरजेचंच होतं. त्या दिवसांत गॅस कटर आणि ऑक्सिजन प्लाझ्मा दोन्ही मुके झाले. कॉम्प्रेसरवरचं यंत्र मात्र कापत राहू शकत होतं.

चांदीचा उल्लेख झालाच आहे. काही कंपन्या हाफ्नियमभोवती तांब्याऐवजी चांदी बसवतात. चांदी उष्णता थोडी अधिक चांगली वाहते आणि जास्त अँपिअरवर त्याचा फरक पडतो. शे-दोनशे अँपिअरच्या पुढे दोन पाळ्यांत टेबल चालवणाऱ्याला ती परवडते. साठ अँपिअरवर ट्रॉलीचे कोपरे कापणाऱ्याने तिच्या मागे लागू नये. पातळ पत्र्याचं काम तर आता फायबर लेझर ओढून नेतो आहे, पण लेझरची गुंतवणूक पाहता एवढ्या लांबच्या भविष्याची चिंता इथे आजच करण्याचं कारण नाही.

वाशिमसारख्या जिल्ह्यातल्या दुकानाने ऑक्सिजन प्लाझ्माचं टेबल घ्यावं का? भोकं, टॅपिंग, कापून लगेच वेल्डिंग असं काम वर्षभर पुरेल इतकं हाताशी असेल तरच. बीबीएफच्या चौकटी मोठ्या संख्येने करणाऱ्याला ते जमू शकतं. बाकीच्यांनी जाड, नेमकं काम जॉब-शॉपला द्यावं आणि घरच्या एअर प्लाझ्माला कोरडी हवा द्यावी. इलेक्ट्रोड घेताना दोन प्रकारचे पाच-पाच घ्यावेत, एकाच कामावर खडूच्या रेघा मारून मोजावं, आणि एकदा पेटण्याचा खर्च कुणाचा कमी येतो ते पाहून पुढचा डबा मागवावा. डब्यावर छापलेल्या किमतीवरून हे कळत नाही.

संपलेले इलेक्ट्रोड दुकानाच्या कोपऱ्यात एका डब्यात साठतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी भंगारवाल्याकडे जातात. नव्या इलेक्ट्रोडमध्ये हाफ्नियम असतं जेमतेम दशांश ग्रॅम, जुन्यात त्याहून कमी. तारापूरच्या नळ्यांत ज्याला जागा नाही आणि जेट इंजिनवाले ज्याच्यासाठी रांगेत उभे आहेत, तो धातू भंगाराच्या काट्यावर तांब्याच्या भावाने मोजला जातो.